रस्ता रुंद न करता, आहे त्याच रस्त्यावर वेगळा केलेला सायकल ट्रॅक कसा बसवायचा?

प्रश्न असा आहे: दोन्ही बाजूंना पार्किंग असलेला दुहेरी रस्ता, कर्ब ते कर्ब, म्हणजे एका फूटपाथच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत, १५ मीटर. फूटपाथला हात न लावता सुरक्षित सायकल मार्ग आखायचा आहे. सुरुवात कुठून करायची, आणि गाड्या व ट्रॅक यांच्यामध्ये खांब लावले की काम झालं का?

खांबांचा विचार शेवटी करा. बहुतेक आराखडे दोन चौकांमधल्या सरळ तुकड्यापासून सुरू होतात, कारण तो कागदावर छान दिसतो. पण सायकलस्वार आणि गाडी यांची गाठ पडते ती चौकात आणि इमारतींच्या फाटकांपाशी. मी आधी चौक आखतो आणि तिथून मागे येत मधला भाग जुळवतो. उलट क्रमाने गेलात, तर चौकाच्या तीस मीटर अलीकडे जागा संपते, ट्रॅकही तिथेच संपतो आणि नेमक्या धोक्याच्या जागी सायकलवाला उघड्यावर पडतो.

तरी मापं आधी घ्यावीच लागतात. नकाशावर विसंबू नका, टेप घेऊन दर ५० मीटरला रुंदी मोजा. झाडं, विजेचे खांब, चेंबर, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या जाळ्या, फाटकं आणि बसथांबे, सगळं टिपा. सर्वांत अरुंद जागा हीच खरी रुंदी.

तुमचे १५ मीटर मी असे वाटीन: गाड्यांच्या दोन मार्गिका ३.३ मीटरच्या, म्हणजे ६.६. एका बाजूला पार्किंग २.२. दोन्ही कडांना एकेरी ट्रॅक, प्रत्येकी २.३, म्हणजे ४.६. पार्किंग आणि ट्रॅक यांच्यामध्ये १ मीटरची मोकळी पट्टी, दुसऱ्या बाजूला ०.६ ची. बेरीज बरोबर १५. पार्किंगची एक रांग जाणार, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. दोन्ही रांगा ठेवून ट्रॅक बसवण्याच्या खटपटीत ट्रॅक जेमतेम १ मीटरचा होतो, आणि त्यात एक सायकल दुसरीला ओलांडू शकत नाही. ३.३ मीटरच्या मार्गिकेतून बस आरामात जाते. पार्किंगकडची १ मीटरची पट्टी कापू नका, कारण गाडीचं उघडलेलं दार साधारण तेवढीच जागा खातं.

एकाच बाजूला दुहेरी ट्रॅक करावा का? जागा वाचते, पण वळणारा चालक सवयीने एकाच दिशेला बघतो आणि उलटीकडून आलेली सायकल त्याला दिसत नाही. ज्या बाजूला नदी, रेल्वेमार्ग किंवा लांबलचक भिंत आहे आणि फाटकं जवळजवळ नाहीतच, तिथे दुहेरी ट्रॅक उत्तम. अन्यथा एकेरीच. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६-०७ च्या सुमारास जवळपास ८० किलोमीटरचं जाळं झपाट्याने उभं केलं, त्यात मुख्यतः दुहेरीच ट्रॅक आहेत. पण तिथे कामी आलं ते सलग जाळं. सुटे तुकडे कितीही चांगले बांधले तरी कुणी वापरत नाही.

आता चौक. नेदरलँड्समधली रूढ पद्धत अशी: चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटं बेट बांधायचं आणि सायकलचं ओलांडण मुख्य मार्गिकेपासून सुमारे ५ मीटर आत सरकवायचं. म्हणजे वळणारी गाडी आधी वळण जवळजवळ पूर्ण करते, मग तिला सायकल समोर दिसते, काचेच्या मागच्या कोपऱ्यात नाही. शिवाय एक गाडी मागची वाहतूक न अडवता तिथे थांबू शकते. कोपऱ्याची त्रिज्या ४-५ मीटर ठेवा, मग चालकाला वेग उतरवावाच लागतो. मोठे ट्रक वळत असतील तर त्रिज्या वाढवू नका, बेटाच्या कडेला चाक चढेल असा उतरता, खडबडीत काठ द्या. चौकाच्या अलीकडची किमान ६ ते १० मीटर जागा पार्किंगमुक्त हवी, आणि ती रंगाने नव्हे, काँक्रीटने मोकळी ठेवा. नुसत्या पिवळ्या पट्ट्यावर गाडी उभी राहतेच.

पाच मीटर मिळत नसतील तर सिग्नलमध्ये वेगळा टप्पा मागा: सरळ जाणाऱ्या सायकलींना हिरवा, ट्रॅकच्या बाजूला वळणाऱ्या गाड्यांना लाल. तेही जमत नसेल तर सायकलींना किमान ३-५ सेकंद आधी सोडा. वेळेचं गणित मात्र तपासा. थांबलेल्या सायकलला २० मीटरचा चौक पार करायला ८-९ सेकंद लागतात. हिरवा त्याहून छोटा असेल तर वृद्ध माणूस मध्येच अडकतो.

फाटकांपाशी ट्रॅक सलग आणि त्याच उंचीवर राहू द्या. चढ-उतार गाडीने करायचा, सायकलने नाही. बसथांब्यावर ट्रॅक थांब्याच्या मागून न्या, मधलं बेट किमान २.५ मीटर रुंद हवं. तिथे ट्रॅक फूटपाथच्या पातळीला उचला, पायी ओलांडायची जागा पट्ट्यांनी दाखवा, आणि अंध व्यक्तींसाठी स्पर्शफरशी बसवा. ही फरशी नेहमी उरलेल्या पैशांवर ढकलली जाते, म्हणून ती खर्चाच्या पहिल्या यादीतच घाला.

मग येतात विभाजक. लवचिक प्लास्टिकचे खांब स्वस्त, पण गाड्या ते आडवे करतात, चाचणीपुरते ठीक. कायमसाठी काँक्रीटचे तुकडे, दीड-दोन मीटर लांब, पिनांनी रस्त्यात ठोकलेले, आणि दोन तुकड्यांमध्ये ३० सेंटीमीटर फट. फट नसेल तर पावसाचं पाणी जाळीपर्यंत पोचत नाही आणि ट्रॅकचं डबकं होतं. ट्रॅककडची कड उतरती घ्या, उभ्या कडेला पेडल आपटून माणूस पडतो. पहिल्या तुकड्यावर परावर्तक आणि उंच खूण हवी, नाहीतर पहिल्याच अंधाऱ्या रात्री कुणीतरी त्यावर चढेल. जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात, सरळ असतील तर चाक त्यात रुतून बसतं.

मोटारसायकली ट्रॅकमध्ये शिरू नयेत म्हणून तोंडाशी अडथळे लावायची सूचना हमखास येते. मोटारसायकलचं हँडल सायकलपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे सायकल जाईल अशी प्रत्येक फट तिलाही पुरते. अडकतात ती तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअर. गाडी शिरू नये म्हणून मधोमध एकच खांब, दोन्ही बाजूंना व्हीलचेअर जाईल इतकं मोकळं, एवढं पुरे. बाकीचं काम देखरेखीचं.

खोदकामाआधी तात्पुरते पट्टे आणि हलवता येणारे विभाजक लावून दोन आठवडे चालवून बघा. गर्दीच्या वेळी चौकाचं चित्रीकरण करा आणि गाडीची चाकं कुठे कड खातात, सायकलवाले कुठून वाट चुकवून जातात, हे नोंदवा. ते जिथून जातात तिथे रेघ हलवा. आणि आराखडा पक्का करण्याआधी झाडू मारणाऱ्या यंत्राची रुंदी विचारून घ्या. ते ट्रॅकमध्ये मावलं नाही तर महिनाभरात तिथे काचा आणि वाळू साठते, आणि लोक पुन्हा गाड्यांच्या मार्गिकेतून सायकल चालवू लागतात.