सर्व्हरचं दुखणं: एफ१० दाबायला भिऊ नका, रेडच्या पानावर मात्र भ्या

प्रश्न : अंबडला आमचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. हिशेब आणि सगळी ड्रॉइंग्ज डेलच्या पॉवरएज सर्व्हरवर असतात. सर्व्हर घेतल्यापासून फर्मवेअर (यंत्राच्या भागांमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) कधीच अपडेट केलेलं नाही. चालू होताना ‘एफ१० लाइफसायकल कंट्रोलर’ असं दिसतं. मी अकाउंट्स बघते आणि कॉम्प्युटरचं सगळंही माझ्याच गळ्यात आहे. तिथून मला स्वतःला अपडेट करता येईल का? मध्येच लाईट गेली तर?

उत्तर : येईल ताई. लाइफसायकल कंट्रोलर म्हणजे सर्व्हरच्या देखभालीची सोय, ती मदरबोर्डवरच बसवलेली असते, विंडोजवर अवलंबून नसते. विंडोज पार झोपलं तरी एफ१० उघडतं.

सर्व्हरच्या पुढच्या पट्टीवर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग आहे. तो डेलच्या साइटवर टाका आणि तुमच्याच मॉडेलच्या फाइली घ्या. विंडोजसाठीच्या, शेवटी ईएक्सई असलेल्या फाइलीच इथे चालतात. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. ‘फर्मवेअर अपडेट’मध्ये यूएसबी निवडलं की फाइलचा पत्ता मागतात. फोल्डर केला असेल तर फोल्डरसकट पूर्ण नाव टाका. माझ्याकडे येणाऱ्या ‘अपडेट होत नाही’च्या निम्म्या तक्रारी या एका रकान्यातल्या चुकीच्या टायपिंगच्या असतात. पुढे तक्ता येतो: आत्ताची आवृत्ती, नवी आवृत्ती आणि टिक करायचा चौकोन.

सगळ्या टिका एकदम ठेवू नका. आधी आयड्रॅक (सर्व्हर दुरून सांभाळता येणारी चिप), मग बायोस (चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम), मग रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड). इतक्या वर्षांच्या जुन्या आवृत्तीवरून एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी बसेलच असं नाही, कधी मधली पायरी घ्यावी लागते. फाइलीच्या पानावर ते लिहिलेलं असतं, वाचा. आयड्रॅक स्वतःला रीस्टार्ट करतो तेव्हा पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरतात. घाबरून स्विच बंद करू नका, तेवढं एक सांभाळा. नवी आवृत्ती मानवली नाही तर त्याच मेनूत ‘रोलबॅक’ आहे, आधीची आवृत्ती जपून ठेवलेली असते. आणि विंडोजला बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) लावला असेल तर बायोसच्या आधी तो सस्पेंड करा, नाहीतर चालू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागेल आणि ती कुणाच्या डायरीत आहे हे शोधत बसाल.

आता लाईट. बायोस लिहिला जात असताना लाईट गेली तर बोर्ड खरोखर जाऊ शकतो. आदल्या दिवशी सर्व्हर रीतसर बंद करा, त्याच्याऐवजी यूपीएसवर दोन-तीन जुने पीसी लावून भिंतीतला प्लग काढा आणि घड्याळ बघा. अर्धा तास निघाला नाही तर आधी बॅटरी बदला. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही वायरी एकाच यूपीएसमध्ये खुपसू नका. आणि एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी हे काम काढू नका. दुपारी ढग भरून आले की वळीव अंबडला आधी येतो की लाईट आधी जाते, हे तुम्हीच मला सांगाल.

माझी खरी भीती मात्र दुसरीच आहे. त्याच मेनूत खाली हार्डवेअर कॉन्फिगरेशन आहे आणि त्यात रेड. तिथे मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसचा सर्व्हर ऐन हंगामात बसला. मी त्याच्या डिस्क तशाच दुसऱ्या सर्व्हरमध्ये घातल्या. पडद्यावर आलं, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’. मला वाटलं, परकं म्हणजे नको असलेलं. ‘क्लिअर’ दाबलं. खरं तर ‘परकं’ म्हणजे ‘या कंट्रोलरने न बनवलेलं’ एवढंच, आणि एफ२ मधल्या कंट्रोलरच्या पानावर ‘इम्पोर्ट’ होतं. तिथेच थांबलो असतो तरी वाट होती, डेटा डिस्कवर जागेवरच होता. पण मी नवी व्हर्च्युअल डिस्क (अनेक डिस्क मिळून दिसणारी एक) केली आणि ‘इनिशियलाइज’, म्हणजे ती कोरी, ही केली. बॅकअप शनिवारचा, वार मंगळवार. मधल्या दिवसांच्या गुलाबी वजनपावत्या मी आणि त्यांच्या कारकुनाने रात्री दोनपर्यंत पुन्हा टाइप केल्या. त्या कार्बन कॉप्या अजून डोळ्यांपुढे येतात.

म्हणून अपडेटच्या आधी बॅकअप घ्या आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या पीसीवर उघडूनही बघा. रेडच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा: कुठल्या खाचेत कुठली डिस्क, रेडचा प्रकार कितवा. फोटो झाला की बाहेर. तिथे काही बदलायचं असेल तर मला आधी लिहा.

प्रश्न : आमच्या सातपूरच्या ऑफिसात सल्लागाराने आयड्रॅक थेट इंटरनेटवर उघडा ठेवला आहे, म्हणजे त्याला पुण्यातून बघता येतं. चालेल ना? पासवर्ड अवघड आहे.

उत्तर : नाही चालणार, आजच बंद करा. आयड्रॅक हाती लागला तर चोर तुमच्या सर्व्हरपुढे खुर्ची टाकून बसल्यासारखाच. यात आयपीएमआय हा दुरून सर्व्हर सांभाळायचा जुना प्रोटोकॉल चालू असेल तर अधिकच वाईट. त्याची २.० आवृत्ती २००४ ची. लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (त्यावरून काढलेला सांकेतिक ठसा, ज्यावर बसून पासवर्ड शोधता येतो) समोरच्याच्या हाती पडतो, हे २०१३ मध्ये उघड झालं. दोष मूळ आराखड्यातच आहे, फर्मवेअर अपडेटने जात नाही. आयपीएमआय ओव्हर लॅन बंद करा, सल्लागाराला व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसात येणारी खाजगी, सुरक्षित वाट) द्या. आणि जुन्या मॉडेलवर रूट हे नाव आणि कॅल्विन हा पासवर्ड ही कारखान्यातून आलेली जोडी अजून तशीच असेल, तर ‘अवघड’ म्हणजे नक्की किती, हे त्यालाच विचारा.

प्रश्न : आमचा सर्व्हर एचपीईचा आहे. एफ१० तोच का?

उत्तर : कळ तीच, नाव वेगळं : इंटेलिजंट प्रोव्हिजनिंग. बायोसच्या सेटिंगसाठी एफ९. आयलोचा (एचपीईचा आयड्रॅकच म्हणा) पहिला पासवर्ड सर्व्हरला लटकवलेल्या टॅगवर छापलेला असतो. तो टॅग खोक्याबरोबर भंगारात गेला नसेल अशी आशा करू.