कॅनियनची ट्रिप करा, पण ४०१ के मधून नको

प्रश्न, थोडक्यात: मी ३४ वर्षांची आहे. अमेरिकेत एच-१ बी व्हिसावर नोकरी करते, पगार वर्षाला ९२,००० डॉलर. ऑक्टोबरच्या मध्यात एकटीनं युटा-ॲरिझोनात १४ रात्रींची फोटोग्राफी ट्रिप ठरवतेय: झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, मोआब. जमलं तर द वेव्ह, ती लाटांसारखी दिसणारी खडकरचना. प्रवासाचा खर्च ५,६०० डॉलर, शिवाय नवा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि वाइड लेन्स ४,२०० डॉलर. बचत खात्यात १४,००० आहेत, कार्डावर २,६०० थकले आहेत (व्याज २४ टक्के). महिन्याचा खर्च ३,९०० डॉलर, त्यात घरी पाठवते ते ४०० आले. हातात ११०० उरतात. ४०१ के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, ५२,००० आहेत. बचतीला हात न लावता तिथून ९,८०० चं कर्ज काढलं तर? व्याज तर स्वतःलाच जातं. परत आल्यावर प्रिंट विकून थोडे पैसे वसूल होतीलच.

उत्तर: ट्रिपला माझा विरोध नाही. कॅमेऱ्याला आहे, आणि कर्जाला तर पुरता आहे.

आधी कर्जाचं बोलू. ४०१ के मधल्या स्वतःच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त ५०,००० डॉलर कर्ज मिळतं आणि व्याज आपल्याच खात्यात परत येतं, इथवर तुमचं बरोबर आहे. पण नोकरी गेली, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती काढून घेतलेली रक्कम धरतात; तिच्यावर आयकर लागतो आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड. ग्रीन कार्डवाल्याला हा धोका एकटा येतो. तुम्हाला तो जोडीनं येईल, कारण एच-१ बी वर नोकरी सुटली की नवा स्पॉन्सर शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणजे पगार बंद, व्हिसाचं घड्याळ सुरू आणि त्यातच कर्जाची मागणी.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात: ४०१ के मध्ये कंपनी पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत बरोबरीनं पैसे घालते, पण तुम्ही ३ टक्केच भरता. वर्षाला १,८४० डॉलर तुम्ही कंपनीला परत करताय. आधी ते ५ टक्के करा. करपूर्व कपात असल्यानं हातात येणारा पगार महिन्याला साधारण १२० डॉलरनं कमी होईल, शिल्लक ९८० च्या घरात येईल.

कार्डाची थकबाकी बचत खात्यातून याच आठवड्यात भरून टाका. १४,००० बाजूला ठेवून २,६०० वर महिन्याला ५२ डॉलर व्याज भरायचं, याला बचत म्हणत नाहीत. मग खात्यात ११,४०० उरतात. तुमच्या खर्चाच्या हिशेबानं हे तीन महिनेही धड पुरत नाहीत. ६० दिवसांच्या मुदतीत काही जमलं नाही, तर भाडेकरार मोडणं, गाडी घाईत विकणं, सामान पाठवणं, तिकीट हे सगळं एकदम येतं. म्हणून तुमची गंगाजळी चार महिन्यांची, १५,६०० डॉलरची असावी असं माझं मत. सध्या ४,२०० कमी पडतात. हा आकडा ओळखीचा वाटला का? नव्या कॅमेऱ्याचीच किंमत आहे ती.

आता वेळ. तुम्ही ऑक्टोबरचा मध्य धरलाय आणि तुमच्या फोटोंच्या यादीत पहिला फोटो पेजजवळच्या अप्पर अँटिलोप या अरुंद घळीतल्या प्रकाशझोताचा आहे. तो झोत साधारण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच, भर दुपारी तळापर्यंत उतरतो. मध्याला पोचाल तर भिंती सुंदर दिसतील, झोत नसेल. उन्हाळ्यात जाऊ म्हणाल तर जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मॉन्सूनचे ढग. या घळींमध्ये आकाश निरभ्र असतानाही कित्येक मैलांवरच्या पावसाचं पाणी येतं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटिलोपमध्ये असेच ११ पर्यटक वाहून गेले. म्हणून फोटोच्या आणि पैशाच्या, दोन्ही हिशेबानं मी पुढच्या एप्रिलचा पहिला पंधरवडा म्हणेन. आत्ता मे सरतोय. जूनपासून मार्चपर्यंत १० महिने, महिन्याला ९८०, म्हणजे ९,८०० डॉलर. त्यातले ४,२०० गंगाजळीत गेले की ५,६०० उरतात. तुमचा सगळा प्रवासखर्च, एक डॉलरही उसना न घेता.

तरी ५,६०० मी पूर्ण खर्चू देणार नाही. पत्रासोबतच्या तुमच्या खर्चाच्या तक्त्यात एसयूव्हीचं भाडं १,५०० आहे. झायन, ब्राइस, मॉन्युमेंट व्हॅलीपर्यंत, मोआबजवळचं आर्चेस उद्यान, कॅनियनलँड्स उद्यानातला मेसा आर्च, सगळीकडे डांबरी रस्ता आहे, छोटी गाडी पुरते. एसयूव्ही खरी हवी ती द वेव्हच्या वाटेवर, हाऊस रॉक व्हॅलीच्या कच्च्या रस्त्याला. पण बहुतेक भाड्याच्या गाड्यांचा करार कच्च्या रस्त्यावर जायला मनाईच करतो. तिथं रुतलात तर टोइंगचं बिल तुमचं आणि क्रेडिट कार्डाचा विमाही हात वर करण्याची शक्यता. पाऊस पडला की तो रस्ता नुसता चिखल होतो. त्या एका दिवसासाठी जवळच्या कनॅब गावाहून स्थानिक गाइड घ्या. १४ ऐवजी ११ रात्री करा, त्यातल्या चार कॅम्पिंगच्या. सगळं धरून, गाइड आणि भाड्याची लेन्स पकडून, ४,३०० च्या आसपास बसतं.

उरलेले १,३०० वेगळे ठेवा आणि परत येईपर्यंत त्यांना विसरा. एकटीच्या प्रवासात खर्च वाटून घ्यायला कोणी नसतं आणि अडचणीत पैसे भरायलाही. युटामध्ये शोधमोहिमेचा खर्च काउंटी (जिल्हा प्रशासन) तुमच्याकडून वसूल करू शकते. त्यापासून बचाव देणारं शोध-बचावाचं वार्षिक कार्ड राज्य विकतं, ते घेऊन ठेवा. आरोग्य विम्याचंही पाहा. २०२२ पासून लागू असलेला नो सरप्रायझेस कायदा नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे तुमच्या विमा कंपनीशी करार नसलेल्या, एअर अँब्युलन्सच्या अवाच्या सवा बिलापासून वाचवतो, पण रस्त्यावरून धावणारी अँब्युलन्स त्यात येत नाही. तुमच्या तक्त्यातले उपग्रह-संदेश यंत्राचे ३०० डॉलर मात्र कापू नका. बाकी कशावरही घासाघीस करा.

प्रवेशाचं पटकन सांगतो. झायन ३५, ब्राइस ३५, आर्चेस ३०, कॅनियनलँड्स ३० डॉलर प्रति गाडी. त्यापेक्षा अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीचा ८० डॉलरचा वार्षिक पास घ्या, ओळखपत्र सोबत ठेवा. तो पास नवाहो नेशनच्या (नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाच्या) जमिनीवर, म्हणजे अँटिलोप आणि मॉन्युमेंट व्हॅलीला चालत नाही. पेजजवळच्या हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणाच्या पार्किंगचे १० डॉलरही वेगळे. आणि घड्याळ! ॲरिझोना उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाही, नवाहो नेशन पाळतं. एका एप्रिलमध्ये मी ॲरिझोनाच्या वेळेनं ऐटीत मॉन्युमेंट व्हॅलीला पोचलो, तेव्हा आगाऊ पैसे भरलेली माझी जीप तासापूर्वीच निघून गेली होती. पैसे गेले ते गेलेच. पेजमधल्या टूर्स उलट ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात, पण फोन कुठला टॉवर पकडेल सांगता येत नाही. साधं मनगटी घड्याळ बांधा.

कॅमेऱ्याकडे येतो. अंधाऱ्या घळीसाठी फुल-फ्रेम हवाच, असं तुम्ही लिहिलंय. अँटिलोपमध्ये गाइडशिवाय जाता येत नाही, नेहमीच्या टूरमध्ये ट्रायपॉडला बंदी आहे आणि रांग पुढे सरकत राहते. हातात धरूनच फोटो काढायचा आहे, तर तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यावर जास्त उजेड घेणारी एक वाइड लेन्स भाड्यानं घ्या. वाळूनं नुकसान झालं तर भाड्याच्या विम्यात ते बसतं का, एवढं आधी विचारा. आत गेल्यावर लेन्स बदलू नका. वरून झिरपणारी ती बारीक धूळ फोटोत झोत दाखवते, सेन्सरवर मात्र डाग होऊन बसते. दुकानाची शून्य टक्के हप्त्यांची ऑफर तर नकोच. मुदतीत एक डॉलर जरी राहिला, तरी अशा अनेक योजनांत पहिल्या दिवसापासूनचं व्याज लावतात.

प्रिंट विकण्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. राष्ट्रीय उद्यानांत अडचण नाही. जानेवारी २०२५ च्या कायद्यानं पाच जणांपर्यंतच्या, हातानं उचलून नेता येणाऱ्या साधनांच्या छायाचित्रणाला परवाना लागत नाही, मग ते विक्रीसाठी असो वा नसो. नवाहो जमिनीवर व्यावसायिक फोटोंना वेगळी परवानगी लागते. पण खरी अडचण तुमच्या व्हिसाची आहे. एच-१ बी वर व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीखेरीज दुसरं काम करता येत नाही, आणि नियमित प्रिंट विकणं हा स्वतःचा धंदा धरला जाऊ शकतो. चारशे-पाचशे डॉलरसाठी ग्रीन कार्डच्या फाइलला डाग लावून घेऊ नका. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एकही प्रिंट विकू नका. त्यामुळे बजेटमधली ‘वसुली’ची ओळ मी शून्य करून टाकली आहे.

राहिलं द वेव्ह. दिवसाला जास्तीत जास्त ६४ जणांना सोडतात. एप्रिलच्या परवान्यांची लॉटरी डिसेंबरमध्ये असते; अर्जाचे ९ डॉलर परत मिळत नाहीत, नंबर लागला तर माणशी ७ आणखी. निकाल लागेपर्यंत कनॅबचं बुकिंग रद्द करता येईल असंच ठेवा. नंबर नाही लागला, तर त्या भागात असताना फोनवरून दोन दिवस आधीची रोजची लॉटरी भरता येते, म्हणून तिकडे एखादा दिवस मोकळा असू द्या.