वस्तीतले वकील वारले. चौकाला नाव देण्यापलीकडे त्यांची आठवण कशी ठेवता येईल?

तुम्ही विचारलंय की वर्षानुवर्षं फी न घेता लोकांच्या केस चालवणारे तुमच्या भागातले वकील गेले, मंडळाची पोरं चौकाला नाव द्यायचं म्हणताहेत, आणि तुम्हाला तेवढ्यानं समाधान नाही. आमच्या पुण्यातल्या दांडेकर पुलाकडेही असेच एक वकीलकाका होते, म्हणून लिहिते.

आधी त्यांच्या चालू केसेस बघा. वकील वारले की त्यांचं वकीलपत्र तिथंच संपतं. पक्षकाराला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, ऑफिसातलं कुणीतरी तारखेला उभं राहीलच. कुणी राहत नाही, आणि केस गैरहजेरीत निकाली तरी निघते, नाहीतर वॉरंट तरी. आम्ही घरच्यांना विचारून फायली काढल्या, प्रत्येकीचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला आणि पुढच्या तारखा एका वहीत उतरवल्या. आतलं वाचत बसायचं नाही, हेही ठरवलं होतं. फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), जातीचे दाखले असे मूळ कागद ज्याचे त्याला दिले, सही घेऊन. काकांनी सहीशिवाय दिलेच नसते.

कागदाचं त्यांना वेडच होतं. कुणी रडत आलं तरी पहिला प्रश्न, "अर्ज दिलास? पोच घेतलीस?" अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक-शिक्का, मगच चहा. फार कोरडं वाटायचं ते. पुढे घरं पाडायला माणसं आली तेव्हा ज्यांच्या हातात शिक्क्याची प्रत होती, त्यांचंच साहेबांनी ऐकून घेतलं.

कोर्टात ते काही गाजवणारे वकील नव्हते. खरं सांगायचं तर बोलताना अडखळायचेच. त्यांची जागा म्हणजे रविवारी सकाळी समाजमंदिरातलं टेबल. तिथे ते कुणाला खोटी आशा लावत नसत. पुढारी छातीठोक सांगायचे की 1985 च्या ओल्गा टेलिस निकालामुळे झोपडीला हात लावता येत नाही. काका तिथल्या तिथे खोडून काढायचे. रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सुप्रीम कोर्ट म्हणालं, पण नोटीस देऊन, म्हणणं ऐकून घेऊन हटवता येतं, असंही म्हणालं. म्हणून नोटीस कधी आली, कुणाच्या हातात दिली, याचाच ते पिच्छा पुरवत.

जामीनदार नाही म्हणून एखादा हमाल किरकोळ गुन्ह्यात येरवड्यात पडून राहिला की मात्र त्यांचा पारा चढायचा. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन धरून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायचं, ही तरतूद 2005 च्या दुरुस्तीनं आलेली आहे. आमच्याकडच्या पोरांना ती तोंडपाठ झाली होती. त्यांचं दैवत सासवडचे वि. म. तारकुंडे, 1969 साली हायकोर्टाचं न्यायाधीशपद सोडणारे आणि 1976 साली जयप्रकाश नारायणांबरोबर पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना उभी करणारे.

पालखी पुण्यात मुक्कामाला आली की काका भवानी पेठेत. चुकलेल्या आजीला आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं, "माउली, दिंडी रथापुढची की रथामागची? नंबर किती?" वकिलीपेक्षा हे काम त्यांना जास्त आवडायचं असा माझा संशय आहे.

तर माझं मत, ते टेबल चालू ठेवा. प्रत्येक वेळी वकील हवाच असं नाही. आमच्याकडे दोघी बायका अर्ज लिहून देतात, महिन्यातून एकदा एक तरुण वकील येते. ज्यांना केस लढवायची आहे त्यांना आम्ही शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जातो. बाईमाणूस असेल किंवा कोठडीतला माणूस असेल तर उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो. 1987 च्या कायद्याचं कलम 12 आहे तसं. 15100 हा त्यांचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. आणि वार-वेळ त्यांचीच ठेवा. तुमचे वकील बुधवारी संध्याकाळी बसत असतील तर बुधवारच, कारण लोक सवयीनं त्याच वेळी कागद घेऊन येणार.