मालदीवच्या नोकरीचा करार सही करण्यापूर्वी

नागपूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा बर्डीवर भेटलास तेव्हा मालदीवमधील रिसॉर्टचे कॉमीच्या, म्हणजे स्वयंपाकघरातील कनिष्ठ आचाऱ्याच्या, नोकरीचे ऑफर लेटर तू मला मोबाइलवर दाखवलेस. घाईत मी ‘बघू’ एवढेच म्हणालो, म्हणून आता सविस्तर लिहितो.

पगाराचा आकडा तू दोनदा वाचून दाखवलास, पण त्याखालची सर्व्हिस चार्जची ओळ तुझ्या नजरेतून सुटली. मालदीवमध्ये पाहुण्यांच्या बिलावर किमान 10 टक्के सर्व्हिस चार्ज घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यातील 99 टक्के रक्कम कर्मचाऱ्यांना वाटावी लागते. त्यामुळे मूळ पगार थोडा कमी असला, तरी खोल्या भरलेल्या रिसॉर्टमधील नोकरी अधिक लाभाची ठरू शकते. मात्र ही रक्कम दरमहा सारखी नसते. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला गर्दीचा हंगाम असतो. मेनंतर पावसाळी वारे सुरू झाले की पाहुणे कमी होतात आणि हातात पडणारे डॉलरही. एजंट तुला जानेवारीचा आकडा सांगेल. तू तिथे काम करणाऱ्या एखाद्या कॉमीला गाठून जून आणि सप्टेंबरचा आकडा विचार.

दुसरी गोष्ट व्हिसाची. भारतीयांना मालदीवमध्ये उतरल्यावर 90 दिवसांचा पर्यटक व्हिसा विनाशुल्क मिळतो, आणि नेमक्या याच सोयीचा काही लोक गैरफायदा घेतात. ‘आधी फिरायला म्हणून चला, परमिट तिथे करून घेऊ,’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच नमस्कार करून उठावे. पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे. वर्क परमिट रिसॉर्टने काढायचे असते आणि ते हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

एजंटविषयी मी जरा कडवटपणे लिहितो, कारण तरुणपणी एकाने माझा पासपोर्ट ‘प्रक्रियेसाठी’ म्हणून चार महिने अडकवून ठेवला होता आणि त्या काळात हाती आलेली दुसरी नोकरी गेली. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याने तुझ्याकडून घ्यायचे सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच असू शकते. पावती देण्यास कां-कूं करणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस.

आता तुला कदाचित आवडणार नाही असा सल्ला. आधी ताडोबा किंवा पेंचजवळच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये ऑक्टोबर ते जून असा एक पूर्ण हंगाम काढ. सावजी रस्सा झकास जमतो म्हणून कोणी कॉमी म्हणून घेत नाही. पहाटेच्या सफारीसाठी चार वाजता डबे भरणे आणि रात्री अकराला ओटा धुणे, हे अंगवळणी पडलेले असावे लागते. त्याहून मोठे कारण राहण्याचे आहे. मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. ड्युटी संपली तरी तेच बेट, तेच सहकारी, आणि बाहेर पडायचे तर बोटीची वेळ पाहायची. चहाच्या टपरीवर तासन्‌तास रमणाऱ्या तुझ्यासारख्या पोराला हे झेपते का, ते ताडोब्याजवळच्या मोहर्लीच्या स्टाफ क्वार्टरमध्ये कमी खर्चात कळेल.

आईला एक निरोप आधीच देऊन ठेव. पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेण्यास बंदी आहे, तेव्हा मायेपोटी तिने बॅगेत गणपती ठेवू नये. विमानतळावर तो काढून घेतील. संत्रा बर्फी खुशाल दे म्हणावे.

कराराची पूर्ण प्रत मागवून घे, निव्वळ ऑफर लेटरवर थांबू नकोस. ती आली की छापून घेऊन ये. मोबाइलवर मला बारीक अक्षर वाचता येत नाही. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
काका