सर्व्हर बंद, संगणक चालू

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या संगणक वर्गात बारा संगणकांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घराण्यातील मोफत संचालन प्रणाली आहे. तिची अद्यतने पुरवणारा मुख्य सर्व्हर बंद असल्याने दोन दिवस अद्यतने येत नाहीत. संगणक वापरणे धोक्याचे आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. प्रणाली आपल्या डिस्कवर असल्यामुळे सर्व्हर बंद पडला तरी रोजचे काम अडत नाही. लांबतात ती सुरक्षा-अद्यतने, आणि दोन दिवसांच्या विलंबाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

या प्रणालींच्या प्रती विद्यापीठे व संस्था आपापल्या सर्व्हरवर ठेवतात. त्यांना मिरर म्हणतात. सॉफ्टवेअर स्रोतांच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरा मिरर निवडावा. तो परका असला तरी भीती नको, कारण पॅकेजांच्या (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या) यादीवर प्रणाली बनवणाऱ्या प्रकल्पाची डिजिटल सही असते, त्या यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी ओळखखूण, नोंदलेला असतो, आणि सही पडताळण्याची किल्ली आपल्या संगणकात आधीपासूनच असते. मिरर काही तास मागे असू शकतो, एवढेच. मात्र सही जुळत नसल्याचा इशारा आल्यास तपासणी बंद करून पुढे जाण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये.

बारा संगणक आहेत म्हणून आणखी एक सुचवतो. त्यांपैकी एकावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे सॉफ्टवेअर बसवावे. एकदा उतरवलेले पॅकेज तेथे साठते आणि उरलेल्या अकरांना वर्गातूनच मिळते. पंचगंगेचे पाणी चढून इंटरनेटच गेले, तर मिररची लांबलचक यादी काय कामाची?