शिबिरातून घरी परतल्यावर

इगतपुरीच्या धम्मगिरीवरचे विपश्यना ध्यानाचे दहा दिवसांचे शिबिर संपवून तुम्ही परतलात आणि आठवड्यातच सारे ओसरले, असे लिहिता. माझेही तसेच झाले होते. तिथे पहाटे ४ वाजता घंटा होते, पहिले तीन दिवस केवळ नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास न्याहाळायचा असतो आणि स्वयंपाकाची काळजी दुसरे कोणी वाहत असते. घरी मात्र दूध उतू जाते. म्हणून सकाळ-संध्याकाळची बैठक चालू ठेवाच, परंतु साय थरथरत वर येऊ लागते त्या क्षणी खांदे कसे आखडतात, श्वास कुठे अडतो, हे पाहत पाहत गॅस बंद करा.

देवपूजा सोडावी का, हा प्रश्न मला गौण वाटतो. निरांजन लावताना काडीची धग बोटांना जाणवत असेल, तर पूजा खुशाल करावी. ‘आपण कर्मकांडाच्या पलीकडे गेलो’ असा ताठा मनात येत असेल, तर तेही नवे सोवळेच समजावे. (तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी १९२९ साली आपल्याभोवती इतरांनी उभारलेला संघच विसर्जित केला होता, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे.)

पहिले दोन महिने असे लक्षपूर्वक करण्यासाठी दिवसातले एकच काम निवडा. मी भांडी घासणे निवडले होते. त्यामागे साधना होती, यावर पत्नीचा अद्याप विश्वास बसलेला नाही.