घाटात गाडी गिअरवर उतरवली तर इंजिन खराब होतं का?

तुम्ही लिहिलंय, नवी १२५ सीसीची मोटरसायकल घेतलीत, पाऊस संपला की दोघं महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणार आहात. आणि काकांनी बजावलंय की गाडी गिअरवर रोखू नकोस (म्हणजे एक्सलरेटर सोडून इंजिनाच्या ओढीने वेग कमी करू नकोस), ब्रेक शू स्वस्तात बदलता येतो, इंजिनचं काम महागात जातं. काकांचा हिशोब शहरातल्या सिग्नल टू सिग्नल रस्त्यावर चालून जाईल. घाटात तो धोक्याचा आहे. माझ्यावर हा प्रसंग येऊन गेलाय म्हणून इतकं ठासून लिहितोय.

तेव्हा माझ्याकडे १०० सीसीची कार्बोरेटरवाली गाडी होती, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. उतार लागला की न्यूट्रल करून चावी बंद करायची, पेट्रोल वाचतं, अशी आमच्या सगळ्या मित्रांची समजूत. याच घाटात बायको मागे बसलेली, पाठीवर सामान. सात-आठ किलोमीटर उतरल्यावर पायाला जाणवलं की पायडल खाली जातंय पण गाडी धरत नाहीये. पुढचा ब्रेक दाबला, तोही अर्धवट. ब्रेक शूवरचं लायनर जळल्याचा वास आला. वळणावर खालून एसटी चढत होती आणि चावी बंद असल्यामुळे हॉर्नही वाजेना. डावीकडे डोंगर होता, त्या बाजूच्या चरात गाडी घातली म्हणून वाचलो. उजवीकडे दरी होती.

त्या दिवशी काय झालं ते आकड्यांत मांडतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, पोलादपूर पार खाली कोकणात. म्हणजे १,२०० मीटरहून जास्त उतार. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून २७० किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते तिच्यात दहा लिटर गार पाणी जवळपास उकळीला येईल. किंवा असं बघा, ६० च्या वेगात असलेली गाडी ऐंशीहून जास्त वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ती ऊर्जा आहे. काही वाटा वारा आणि टायर खातात. उरलेली कुठेतरी उष्णता होऊन जायलाच हवी. ती सगळी त्या दोन छोट्या ड्रममध्ये कोंबायची, की ज्याच्या अंगावर उष्णता बाहेर टाकण्यासाठीच पंख आहेत त्या इंजिनला त्यातला मोठा भाग उचलू द्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

डिस्क ब्रेक असला तरी सुटका नाही, तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि पुरेसं पाणी शोषलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून वाफ झाली की लिव्हर थेट मुठीला टेकतो.

आता इंजिनचं. एक्सलरेटर सोडला की हवा आत घेण्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. पिस्टन तरीही खाली ओढतच असतो, त्यामुळे इनटेकमध्ये निर्वात पोकळी तयार होते आणि तिच्याविरुद्ध पिस्टन ओढण्यात चाकाची ताकद खर्च होते. शिवाय आतलं घर्षण. गाडी धरल्यासारखी वाटते ती यामुळे. यात स्फोटाचा दाब नाही, जळणाची उष्णता नाही. ऑइल पंप क्रँकवर, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावर चालतो, म्हणून फेरे चालू आहेत तोवर ऑइलही फिरतंय. इंजिनाला खरा ताण होतो तो घाट चढताना. त्याच फेऱ्यांवर उतरणं त्या मानाने फारच हलकं काम आहे. (ट्रकच्या डिझेल इंजिनात हवेचा रस्ता असा बंद होत नाही, म्हणून त्यांना धुराचा रस्ता अडवणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक द्यावा लागतो.)

पेट्रोलचंही उलटंच आहे. तुमच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. गिअरमध्ये असताना एक्सलरेटर पूर्ण सोडला आणि फेरे पुरेसे असले की बहुतेक गाड्यांमध्ये ईसीयू (इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं.

मग काकांची भीती आली कुठून? ती अगदीच निराधार नाही. इंजिनाचं नुकसान होतं ते गिअर टाकण्याच्या पद्धतीमुळे. ७० च्या वेगात पाचवरून एकदम दोनवर आणून क्लच सोडला तर चाक इंजिनला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतं. तिथे रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी सोय) काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. व्हॉल्व वेळेत मिटत नाहीत, पिस्टनवर आदळू शकतात. त्याआधीच मागचं चाक फरफटतं, आणि ओल्या रस्त्यावर तेवढ्यात माणूस खाली असतो. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएसही कामाला येत नाही. ते ब्रेकचा दाब सोडतं, इंजिनाची पकड सोडत नाही. चाकाची उलटी ओढ जास्त झाली की आपोआप थोडा घसरणारा स्लिपर क्लच यासाठीच असतो, पण बहुतेक १२५ मध्ये तो मिळत नाही.

म्हणून एकेक गिअर उतरा. आधी ब्रेकने वेग कमी करा, क्लच दाबून गिअर टाका, क्लच सोडण्याआधी एक्सलरेटरला हलका झटका द्या आणि मग क्लच सोडा. झटका बरोबर बसला की गाडीला धक्काच जाणवत नाही. क्लच अर्धवट धरून घसरवत बसलात तर प्लेटा झिजतील, आणि मग काका म्हणतील बघ सांगितलं होतं. कुठला गिअर? जुने चालक सांगतात तेच बरोबर: ज्या गिअरवर ती चढण चढाल, त्याच गिअरवर उतरा. आंबेनळीत दोघं असताना बहुतेक वेळ दुसरा-तिसरा.

ब्रेक वापरायचाच आहे, फक्त सतत टेकवून ठेवायचा नाही. वळणाआधी पुढचा-मागचा दोन्ही दाबून वेग मोडा, मग सोडून द्या म्हणजे ड्रमला गार व्हायला सवड मिळते. इंजिनाची पकड फक्त मागच्या चाकावर असते आणि उतारावर वजन पुढे येतं, त्यामुळे अचानक थांबायचं तर पुढचाच ब्रेक खरा. आणखी एक, गिअरवर वेग कमी होताना मागचा लाल दिवा लागत नाही. मागे गाडी असेल तर पायडलला नुसता स्पर्श करा.

चेन ढिली असेल तर या प्रकारात झटके बसतात, कारण ओढ उलट बाजूने येते. निघण्याआधी ती मॅन्युअलमधल्या मापाने ताणून घ्या. तुमच्याबरोबरच्या मित्राची गाडी जुनी आहे म्हणालात. लांब उतारानंतर एक्सलरेटर दिल्यावर तिच्यातून निळा धूर आला तर व्हॉल्व सील (व्हॉल्वपाशी ऑइल अडवणारी रबरं) गेलेत असं समजा. आतल्या पोकळीने ऑइल ओढून घेतलेलं असतं. तो बिघाड आधीचाच असतो, उतार फक्त तो दाखवून देतो.

दोन ठिकाणी माझं उत्तर वेगळं असेल. येझदीसारख्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर येतं. एक्सलरेटर बंद ठेवून लांब उतरलात तर पिस्टन कोरडा पडतो, म्हणून मधूनमधून थोडी रेस द्यावी लागते. आणि गिअर नसलेल्या स्कूटरला वेग फार कमी झाला की क्लच आपोआप सुटतो आणि ती मोकळी धावते. किंचित एक्सलरेटर देऊन पुन्हा सोडला की पकड परत येते, पण ती कमीच. स्कूटरवाल्यांनी मध्ये थांबून ब्रेक गार करावेत.

खाली पोलादपूरला पोचलात की लगेच मागच्या ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. नुसती ऊब लागली तर गाडी नीट उतरवलीत. हात मागे घ्यावासा वाटला तर पुढच्या वेळी एक गिअर खाली ठेवा.